टवाळी, सभा आणि उत्तर : एकोणिसाव्या शतकातील मराठी वादगद्याचा एक धागा

१

संगणकाच्या पडद्यावर अनोळखी व्यक्तीने हेतुपुरस्सर केलेल्या कुचेष्टेला 'ट्रोलिंग' म्हणण्याचा प्रघात आता मराठीतही रुळला आहे. या इंग्रजी शब्दाला दोन अर्थच्छटा आहेत. एक गुहेत दडून बसणाऱ्या विद्रूप राक्षसाची, दुसरी नावेमागे गळ ओढत नेऊन मासा पकडण्याची. यांपैकी दुसरी छटा अधिक अर्थपूर्ण आहे, कारण तिच्यात आमिष अभिप्रेत आहे आणि आमिषाला तोंड लावणारा कोणीतरी गृहीत धरला आहे. मराठीत 'खोडसाळ', 'टवाळ', 'कुचाळकी', 'कुचेष्टा' असे शब्द पूर्वीपासून आहेत. ते करणाऱ्याच्या वृत्तीचे वर्णन करतात, पण ज्याची खोडी काढली जाते त्याच्या प्रतिसादाबद्दल काहीच सांगत नाहीत. या प्रतिसादासंबंधी मराठी समाजात एक ठरलेला उपदेश प्रचलित आहे. दुर्लक्ष करावे, उत्तर देऊ नये, चिखलात दगड टाकला तर शिंतोडे आपल्याच अंगावर उडतात. संतपरंपरेने निंदकाला उपकारकर्ता मानून या उपदेशाला आध्यात्मिक अधिष्ठानही दिले. उपदेश जुना असल्यामुळे तो कालातीत वाटतो. परंतु मराठी मुद्रणसंस्कृतीच्या पहिल्या शतकात तो कोणाला परवडला, कोणाला परवडला नाही आणि ज्यांनी तो मोडला त्यांच्या गद्याचे काय झाले, हे तपासले तर एक निराळाच इतिहास हाती लागतो.

या तपासाला भारतीय वादशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. न्यायदर्शनाने कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार मानले : तत्त्वनिर्णयासाठी केला जाणारा वाद, विजयासाठी छल आणि जाती यांचाही आश्रय घेणारा जल्प, आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष उद्ध्वस्त करू पाहणारी वितंडा. आजच्या टवाळखोराला वितंडावादी म्हणण्याचा मोह होतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. पण न्यायसूत्रकारांनी जल्प आणि वितंडा यांना सरसकट त्याज्य ठरवलेले नाही, हे सहसा विसरले जाते. उगवत्या रोपाच्या रक्षणासाठी शेताभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा निर्णीत तत्त्वाच्या रक्षणासाठी या दोहोंचा उपयोग सूत्रकारांना मान्य आहे. म्हणजे काट्याला काट्याने उत्तर देण्याची शास्त्रीय मुभा आहे. फक्त कुंपण म्हणजे पीक नव्हे, एवढे भान ठेवावयाचे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील चर्चा याहूनही व्यवहारी आहे. वैद्याने दुसऱ्या वैद्याशी वाद घालण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याचे बलाबल पाहावे, हे तेथे सांगितले आहेच. पण त्यासोबत सभा पाहावी, असेही सांगितले आहे. सभा ज्ञानी असेल किंवा मूढ असेल. ती मित्रभावाची, उदासीन किंवा आधीच विरोधात ठाम झालेली असेल. या शेवटच्या प्रकारच्या सभेत कोणाशीही, कोणत्याही प्रकारे वाद घालू नये, असा चरकाचा निर्वाळा आहे. त्याच्या दृष्टीने उत्तर द्यावे की नाही, हा प्रश्न बोलणाऱ्याच्या दुष्टपणावरून सुटत नाही. ऐकणारे कोण आहेत यावरून सुटतो. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखकांची खरी अडचण येथेच होती. छापखान्याने त्यांच्यापुढे अशी सभा उभी केली की जिची परीक्षा करणेच शक्य नव्हते.

२

मुद्रणापूर्वी टवाळीला स्थळकाळाचे बंधन होते. शिमग्यात प्रतिष्ठिताच्या दारात जाऊन बोंब ठोकण्याची, अचकट विचकट बोलण्याची, जिवंत माणसाची तिरडी बांधण्याची मुभा समाजानेच दिलेली होती. परंतु ती मुभा तिथीने बांधलेली होती. धुळवड आणि रंगपंचमी सरली की ज्याने शिव्या दिल्या तो आणि ज्याने ऐकल्या तो, दोघेही आपापल्या जागी परतत. शिवाय शिव्या देणाऱ्याचे तोंड काळे-पिवळे रंगवलेले असले तरी ते गावाला ओळखू येत असे. उत्तर न देणे हेच तेथे शोभून दिसे, कारण सणच उत्तर देऊन टाकी.

'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मराठी नियतकालिकांचा विस्तार झाला, तेव्हा टवाळीवरचे तिथीचे बंधन सुटले. टोपणनावाने पत्रे छापणे ही रूढ रीत झाली. टोपणनावाचा उपयोग दोन्ही बाजूंनी होत होता, हे लक्षात घेतले पाहिजे. गोपाळ हरी देशमुखांनी 'प्रभाकर' पत्रात १८४८ ते १८५० या काळात 'शतपत्रे' लिहिली ती 'लोकहितवादी' या नावामागे राहून. अनामिकता ही दुबळ्याची ढाल आणि टवाळाचा बुरखा, दोन्ही असू शकते. ढाल कोणती आणि बुरखा कोणता, हे केवळ मजकुराकडे पाहून ठरत नाही.

१८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि उपहास हा मराठी गद्याचा प्रतिष्ठित प्रकार बनला. चिपळूणकरांना टवाळ म्हणणे अन्यायाचे होईल. ते स्वतःच्या नावाने लिहीत, त्यांना स्वतःचा पक्ष होता आणि मराठी निबंधाची घडण त्यांच्याशिवाय कल्पिता येत नाही. परंतु लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर त्यांनी जे लिहिले, त्यात मुद्द्याच्या खंडनापेक्षा लेखकाच्या लिहिण्याच्या पात्रतेची थट्टा अधिक जागा व्यापते. फुल्यांच्या बाबतीत तर व्याकरण हेच हत्यार झाले. ज्याला शुद्ध लिहिता येत नाही त्याने इतिहासावर बोलू नये, असा त्या उपहासाचा अर्थ होता. समीक्षेच्या इतिहासात या घटनेचे महत्त्व असे की वादाचा विषय 'काय म्हटले' येथून 'कोणी म्हटले' येथे सरकला, आणि वाचकाला त्या सरकण्याची गोडी लागली.

फुल्यांनी 'माले'ला 'माले'च्या भाषेत उत्तर दिले नाही. ते दुर्लक्षही नव्हते. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधील लेखनात त्यांची भाषा अधिक शुद्ध होत नाही. उलट बोलीच्या अधिक जवळ जाते. थट्टेचा जो विषय, तोच लेखनाचा पाया करणे हे उत्तराचे एक रूप आहे. दुसरे रूप १८८५ मध्ये दिसते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण फुल्यांना आले, तेव्हा त्यांनी पत्राने नकार दिला आणि ते पत्र 'ज्ञानोदया'त छापून आले. ज्या सभेला शूद्रातिशूद्रांचे हक्क मनापासून मान्य नाहीत, तिच्याशी मिळून आपल्या लोकांचे हित साधणार नाही, असे त्या नकाराचे सूत्र होते. चरकाच्या परिभाषेत सांगावयाचे तर फुल्यांनी सभेची परीक्षा केली, ती प्रतिकूल ठरवली, आणि परीक्षेचा निकाल जाहीर केला. मौन आणि जाहीर नकार यांतील अंतर मोठे आहे. मौनाचा अर्थ सभा आपल्या सोयीने लावते; जाहीर नकाराचा अर्थ तिला इतक्या सहज बदलता येत नाही.

३

या सगळ्यात सर्वांत बिकट परिस्थिती ताराबाई शिंदे यांची होती. १८८१ मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती सौम्य करण्यात आली. या खटल्याने देशभर चर्चा उठवली. 'पुणे वैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने ही संधी साधून स्त्रीजातीच्या अनीतीवर कोरडे ओढले. नव्या शिक्षणाने बिघडलेल्या स्त्रिया हा त्या काळच्या पत्रकारितेचा हुकमी विषय होता. त्यावर लिहिले की खप होई, आणि ज्यांच्याविषयी लिहिले जाई त्या उत्तर देणार नाहीत याची खात्री असे. टवाळीचे अर्थशास्त्र या खात्रीवर उभे असते.

बुलढाण्याच्या एका मराठा घरातील बाईने ही खात्री खोटी ठरवली. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक समाजाशी संबंधित होते. 'स्त्री पुरुष तुलना' हे छोटेखानी पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. त्याच्या प्रारंभीच लेखिका स्वतःच्या कोंडलेपणाची कबुली देते. मराठा घराच्या चौकटीत अडकलेल्या, जगाचा अनुभव नसलेल्या बाईचे हे पहिलेच लिहिणे आहे, असा तिचा सूर आहे. ही कबुली नम्रतेची रूढी म्हणून वाचता येते, आणि तशी ती बहुधा वाचली गेली असावी. पण पुढच्याच पानांतून जो आवाज ऐकू येतो तो नम्र नाही. तो भांडखोर, उपहासप्रचुर, क्वचित शिवराळ आणि सतत द्वितीय पुरुषात बोलणारा आहे. कोंडलेपणाची कबुली ही माघार न ठरता साक्षीदाराने शपथ घ्यावी तशी ठरते : जे दिसले ते आतून दिसले.

'पुणे वैभवा'च्या लेखकाला उत्तर देताना ताराबाईंनी जे केले ते वाङ्मयीन दृष्ट्या अधिक तपशिलाने पाहावयास हवे. त्यांनी विजयालक्ष्मीचा बचाव मांडला नाही, किंवा निदान बचावापाशी थांबल्या नाहीत. बचाव म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून बोलणे. त्यांनी पिंजरा उलटा फिरवला. स्त्रियांवर जे दोष लादले जातात, म्हणजे कपट, चंचलता, अविचार, साहस, लोभ, ते एकेक करून पुरुषांच्या व्यवहाराशी ताडून पाहिले. 'तुलना' हा शब्द शीर्षकात आहे तो या अर्थाने. ज्या मापाने एक मोजले त्याच मापाने दुसरे मोजून दाखवावयाचे, इतकीच मागणी आहे. पण ती पानापानांवर पुरी करताना लेखिकेचा आवाज चढत जातो. उत्तर ज्याला द्यावयाचे तो मूळ लेखक मध्येच कोठेतरी मागे पडतो, आणि संबोधन संपूर्ण पुरुषवर्गाकडे वळते. चरकाने टाळावयास सांगितलेली प्रतिकूल सभा ताराबाईंना टाळता येणे शक्य नव्हते, कारण तीच एकमेव सभा उपलब्ध होती. मग त्यांनी त्या सभेलाच प्रतिपक्ष केले.

यातून आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे मराठी समीक्षेच्या इतिहासकारांचे लक्ष उशिरा गेले. स्त्रीनिंदा एकट्या वर्तमानपत्रात नाही, ती वाचनाच्या सगळ्या पदार्थांत मुरलेली आहे, हे दाखवण्यासाठी ताराबाई पुराणांतील स्त्रियांकडे वळल्या आणि पाठोपाठ समकालीन कादंबऱ्यांकडेही वळल्या. 'मुक्तामाला' आणि 'मंजुघोषा' यांसारख्या त्या काळच्या लोकप्रिय अद्भुतरम्य कथांतील नायिका कशा असतात, विधवा नेमक्या कोठे आणि कशा येतात, कोणाच्या सोयीसाठी संकटातून वाचतात, असे प्रश्न त्यांनी उपस्थित केले. 'मुक्तामाला' १८६१ ची, म्हणजे मराठी कादंबरीचे वय तेव्हा पुरते पंचवीस वर्षांचेही नव्हते. त्या अवस्थेत एका वाचकाने, तेही वाचक म्हणून कोणी हिशोबात न धरलेल्या बाईने, कादंबरीतील स्त्रीचित्रणाची अशी झडती घ्यावी, ही घटना साधी नाही. स्त्रीनिष्ठ समीक्षेची पूर्वपीठिका शोधताना आंग्ल-अमेरिकन ग्रंथांपाशी सुरुवात करण्याची सवय मराठीत बराच काळ होती. बुलढाण्याची ही पूर्वपीठिका एका टवाळीला दिलेल्या उत्तरातून निघाली, हे त्या सवयीला थोडे अडचणीचेच आहे.

या उत्तराची किंमत काय पडली, याचा अंदाज दोन गोष्टींवरून करता येतो. पहिली अशी की थट्टा करणाऱ्यांत परकेच होते असे नाही. फुल्यांना 'सत्सारा'च्या १८८५ मधील दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घ्यावी लागली, ती आपल्याच वर्तुळातील टीकाकारांविरुद्ध. शूद्रातिशूद्रांच्या बाजूने बोलणाऱ्या मंडळींनाही घरातल्या पुरुषावरची टीका झोंबली होती. फुल्यांनी तेथे केलेला हस्तक्षेप महत्त्वाचा आहे तो यासाठी की निंदिताने एकट्याने उत्तर देत बसू नये, ज्याचा शब्द सभेत चालतो अशा दुसऱ्याने उभे राहावे, ही वादनीती त्यात प्रत्यक्ष दिसते. दुसरी गोष्ट अधिक कष्टदायक आहे. ताराबाईंचे दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. 'स्त्री पुरुष तुलना' स्मरणातून गेले आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत जवळजवळ शतकभर मराठी वाचकाला अपरिचित राहिले. रोझालिंड ओहॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर १९९४ मध्ये आले. दुर्लक्ष करा, या उपदेशाचा असाही एक उपयोग आहे. तो टवाळाविरुद्ध जितका वापरला जातो त्याहून अधिक परिणामकारकपणे टवाळाला उत्तर देणाऱ्याविरुद्ध वापरला जातो.

४

'पुणे वैभव' हे नाव आठ वर्षांनी दुसऱ्या एका प्रकरणात पुन्हा पुढे येते, आणि या वेळी खोडसाळपणा स्वतःच्या नावानिशी हजर होता. १८९० च्या ऑक्टोबरात गोपाळराव जोशी यांनी पुण्यातील प्रतिष्ठितांना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी जमवले. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. शिवाय शहरातील आणखी बरीच मंडळी होती. व्याख्यानानंतर मिशनच्या बायकांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी कपाला नुसता हात लावून तो खाली ठेवला. हजर असलेल्यांची नावे गोपाळरावांनी 'पुणे वैभवा'कडे पोचवली आणि ती छापून आली. खाल्ले कोणी, प्याले कोणी, नुसते बसले कोणी हा तपशील गौण ठरला. सनातनी पुढाऱ्यांनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले, ग्रामण्य झाले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले आणि दीडदोन वर्षे पुणे शहर एका चहाच्या कपाभोवती फिरत राहिले.

गोपाळरावांना केवळ विघ्नसंतोषी ठरवून मोकळे होता येत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे ते पती. पत्नीला शिकवण्याच्या हट्टापायी ते गावोगाव बदल्या करून घेत हिंडले आणि रस्त्यावरच्या लोकांच्या छद्मी नजरा, हेटाळणी आणि दगड त्यांनी व आनंदीबाईंनी सोसले. १८८३ मध्ये अमेरिकेस जाण्यापूर्वी आनंदीबाईंनी श्रीरामपूर येथील कॉलेजात जे भाषण केले, ते निंदेला दिलेल्या उत्तराचा एक नितळ नमुना आहे. लोक जे प्रश्न कुत्सितपणे विचारत, म्हणजे येथे शिकण्याची सोय नाही काय, एकटीच का जातेस, परतल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय, ते त्यांनी कुत्सितपणा काढून टाकून खरेखुरे प्रश्न म्हणून मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. टोमण्याला प्रश्नाचा दर्जा दिला की त्यातला डंख निघून जातो, आणि श्रोत्यालाही आपण प्रश्नच विचारला होता असे मानण्याची सोय होते. १८ वर्षे पुरी होण्याच्या आतबाहेर असलेल्या मुलीने केलेले हे भाषण इंग्रजीत होते, म्हणून मराठी वादगद्याच्या इतिहासात त्याची नोंद होत नाही, व्हायला हवी.

त्याच घरातल्या पुरुषाने १८८७ मध्ये पत्नीच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच पुण्याच्या प्रतिष्ठितांना गळ टाकावा, यात सूड होता, विनोद होता, की सुधारकांची बोलणी आणि करणी यांतील फट उघडी करण्याची तळमळ होती? तिन्ही असावीत. गोपाळरावांच्या खोडीने एक सत्य उघडे केले, हे नाकारता येत नाही : खासगीत स्पृश्यास्पृश्यतेचे नियम मोडणारे पुढारी उघड्यावर ते मोडल्याचे कबूल करावयास तयार नव्हते. टवाळ नेहमी खोटेच बोलतो असे नाही. पुष्कळदा तो खरे बोलतो, पण ते अशा सभेपुढे की जिला त्या खऱ्याचा उपयोग फक्त शिक्षेसाठी करावयाचा असतो.

या प्रकरणातले प्रतिसाद एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. टिळकांनी सभेचे शास्त्र सभेपुढेच वापरले. चहाचे पातक किती, त्याला प्रायश्चित्त कोणते, याचा धर्मशास्त्रीय ऊहापोह त्यांनी केला आणि आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. ही कायदेपंडिताची चाल होती. तिने आरोपाची धार बोथट केली आणि न्यायासनाचा अधिकार मात्र मान्य केला. इतके करूनही घरच्या कार्याला ब्राह्मण मिळण्याची त्यांची अडचण काही काळ सुटली नाही. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. स्वतःला त्याची गरज वाटत होती म्हणून नव्हे, मित्रांच्या अडचणीपायी घेतले, असे रमाबाई रानडे यांच्या आठवणींवरून दिसते. आपल्याला त्या निर्णयाने वाईट वाटले, हेही रमाबाईंनी लपवलेले नाही. सुधारकांतील तरुणांना ही शरणागती वाटली. रानड्यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की बहिष्काराचा मार निंदिताच्या आप्तांना अधिक बसतो, आणि निंदेला ताठ मानेने सामोरे जाण्याचा सल्ला देणारे बहुधा त्या आप्तांत नसतात. पण प्रायश्चित्ताने एक पायंडा पडला. 'पुणे वैभवा'त नाव छापून आले की माणूस गोमूत्र पिण्यापर्यंत आणता येतो, हे सर्वांनी पाहिले.

५

गोपाळ गणेश आगरकरांचे नाव या संदर्भात नेहमी घेतले जाते ते त्यांच्या जिवंतपणी पुण्यात निघालेल्या त्यांच्या प्रेतयात्रेमुळे. प्रतिमा तिरडीवर बांधून ती मिरवत त्यांच्या घरावरून नेण्यात आली. शिमग्यातली जुनी खोड आता तिथीविना आणि मुद्द्यासकट रस्त्यावर आली होती. आगरकरांनीच 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार' या निबंधात मृत्यूभोवतीच्या विधींची चिकित्सा केली होती. विरोधकांनी तो विधीच त्यांच्यावर केला. प्रतीकांच्या वापरात सनातनी मंडळी कमी कल्पक नव्हती.

आगरकरांच्या प्रतिसादाची ख्याती धीरोदात्त स्थितप्रज्ञतेची आहे. 'सुधारका'चे अंक वाचताना हे चित्र थोडे बदलते. १८८८ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या या पत्रात उपरोध आहे, चीड आहे, कधी कधी कंटाळाही आहे. 'केसरी'शी झालेल्या वादांत दोन्ही बाजूंच्या लेखण्या व्यक्तिगत पातळीवर घसरल्या. एकाच तुरुंगात १०१ दिवस काढलेल्या दोन मित्रांच्या संबंधात त्यानंतर दुरुस्ती झाली नाही. म्हणजे टवाळाला थंडपणे उत्तर देणाऱ्या आगरकरांना जवळच्या माणसाच्या टीकेपुढे थंड राहता आले नाही. हे वैगुण्य म्हणून नोंदवण्यापेक्षा निकष म्हणून नोंदवणे बरे : अनोळखी निंदेचे उत्तर आणि आपल्या माणसाच्या निंदेचे उत्तर यांची भाषा एक असू शकत नाही.

तरीही त्यांच्या गद्यात एक शिस्त दिसते. प्रेतयात्रा काढणाऱ्यांना त्यांनी विषय केले नाही. विषय राहिला तो केशवपन, बालविवाह, संमतिवय, सोवळे-ओवळे हाच. निंदेने विषय बदलू द्यावयाचा नाही, ही ती शिस्त. टवाळीचा सगळा हेतू विषय बदलण्याचा असतो. विधवेच्या केशवपनावर बोलणारा माणूस स्वतःच्या चारित्र्यावर बोलू लागला की टवाळाचे काम झाले. आगरकर पुन्हा पुन्हा त्याच विषयावर परत येतात, त्यामुळे त्यांच्या निबंधांत पुनरुक्ती वाढते, आणि शैलीची चर्चा करणाऱ्यांनी तो दोष मानला आहे. ती पुनरुक्ती कोणत्या गोंगाटात झाली, हे निबंधसंग्रहाच्या स्वच्छ पानांवर दिसत नाही. १७ जून १८९५ रोजी ते वारले तेव्हा स्वतःच्या अंत्यसंस्काराच्या खर्चापुरती रक्कम त्यांनी बाजूला काढून ठेवलेली आढळली, असे चरित्रकार सांगतात. खोट्या प्रेतयात्रेचा आणि या रकमेचा संबंध जोडण्याचा मोह आवरलाच पाहिजे; पण वाचकाच्या मनात तो जोडला जातो, यालाही इलाज नाही.

६

विसाव्या शतकात हा धागा रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्या'त पुन्हा सापडतो. १९२७ च्या जुलैत सुरू झालेल्या या मासिकात कर्व्यांनी वाचकांच्या प्रश्नांना जागा दिली. लैंगिक अज्ञानातून आलेला भाबडा प्रश्न आणि संपादकाला चिडवण्यासाठी विचारलेला चावट प्रश्न यांत बाहेरून फरक ओळखणे कठीण असते. कर्व्यांनी तो ओळखण्याचा फारसा खटाटोप केला नाही. ज्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे त्याला ते द्यावे, विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, असा त्यांचा खाक्या दिसतो. आनंदीबाईंनी एका भाषणात वापरलेली युक्ती येथे मासिकाचे धोरण झाली. टीकाकारांना दिलेली त्यांची उत्तरे कोरडी, नेमकी आणि बरीचशी तिरकस आहेत. पण त्यांत दुखावलेपणाचा स्वर विरळा.

या धोरणाचे प्रत्यंतर १९३४ मध्ये न्यायालयात आले. अश्लीलतेचा जो खटला त्या वर्षी चालला, त्याचा विषय वाचकांच्या प्रश्नांना कर्व्यांनी दिलेली उत्तरेच होती, आणि त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले. लोकांना प्रश्न पडतात, ते विचारले जातात, आणि जाणकाराने त्यांची उत्तरे देणे यात विकृती नाही, या दिशेने बचाव झाला. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. निंदकांची सभा आता कायद्याची सभा झाली होती, आणि तिच्यापुढून चरकाच्या सल्ल्याप्रमाणे उठून जाण्याची सोय नव्हती. दंड भरून कर्व्यांनी पुढच्या अंकांची जुळवाजुळव केली. वाचकांचे प्रश्न येत राहिले आणि उत्तरे छापली जात राहिली; मासिक बंद पडले ते १९५३ मध्ये, संपादकाच्या मृत्यूनंतर.